येळवशीचा जाळ

आमच्या मायचा हात फार चालायचा. तक्रार म्हणून सांगत नाही, होतं ते सांगते. चुलीपुढं भाकरी थापता थापता ती मागं न बघता उलटा हात फेकायची आणि तो ज्याला लागायला पाहिजे त्यालाच लागायचा. मी, माझी थोरली बहीण शांताक्का, दारात तोंड घालणारी शेजारची शेळी, कुणाची सुटका नव्हती. एकदा अप्पांना, म्हणजे आमच्या वडलांना, तिनं पिठाळ हातानं दंडावर चापट दिलेली मी पाहिली आहे. अप्पा पीठ झटकत ओसरीवर गेले आणि तिथं एकटेच हसत बसले. आमच्या घरात मुळात आवाजच फार. पहाटेपासून भाकरीचा थपथपाट, रेडिओवर कन्नड बातम्या, अप्पांचं बैलांशी कन्नडात बोलणं, मायचं आमच्यावर मराठीत ओरडणं, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही की बाजारातून ऐकून आणलेल्या उर्दू शिव्या. माझ्या नाती आता पुण्याला राहतात. त्यांच्या घरात मिक्सर सोडून काही वाजत नाही. मी गेले की दोनचार दिवसांत माझे कान बसतात आणि मी परत येते.

आमचं शेत माळाच्या पायथ्याला होतं. मंठाळकडून येणारी वाट ओढा ओलांडून वर चढली की आधी आमचं काळं रान, आणि रान संपलं की लाल मुरमाचा माळ सुरू. त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो फिरकलाच नाही. आधी वाढलेलं कुसळी गवत माळावर उभं वाळलं, कमरेइतकं. गावानं बसून ठरवलं, माळावर कुणी जनावर सोडायचं नाही, गवत उन्हाळ्यासाठी राखायचं. कडबा पुरणार नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं. राखलेल्या माळाला भीती एकच, आगीची. म्हणून माळाला ज्यांची शेतं लागून आहेत त्यांनी दसरा झाला की आपापल्या हद्दीत पट्टा काढायचा, ही आमच्याकडची रीत. पट्टा म्हणजे माळ आणि शेत यांच्यामधली जमीन गवत उपटून, नांगरून, वखरून उघडी करायची, बैलगाडी सहज वळेल एवढी रुंद. माळ पेटला तर आगीनं तिथवर यावं आणि खायला काही नाही म्हणून मरावं. अप्पा नांगर धरायचे आणि माय मागनं अनवाणी चालत राहिलेला एकेक ठोंब उपटायची. "हे कुणाच्या दाढीला ठेवलाव?" असं म्हणून ती तो ठोंब अप्पांच्या पायाशी टाकायची. अप्पा तिला उत्तर द्यायचे नाहीत, बैलांना द्यायचे.

मायचं माहेर राजेश्वरकडचं. तिनं लहानपणी तिथला माळ पेटलेला पाहिला होता, आणि तिच्या आज्यानं सगळं घर हाकलत जळून गेलेल्या रानावर नेऊन बसवलं होतं. ते शिक्षण तिनं आम्हाला पट्ट्यावर उभं करून दिलं. "आगीच्या म्होरं पळायचं न्हाई. पळण्यात ती आपल्याला ऐकत न्हाई. जाळ कुठं बारीक हाय ते बगायचं आन त्याच्यातनं पलीकडं काळ्यावर जायचं. एकदा जळालेलं रान दुसऱ्यांदा काय जळंल?" हे आमच्याकडून म्हणवून घ्यायची आणि चुकलं की मारायची. दुसरा तिचा कायदा नायलॉनचा. ते कापड तेव्हा नवंनवं आलं होतं आणि बायका त्याच्यावर जीव टाकत होत्या. आमच्या गल्लीतल्या एकीच्या पदरानं चुलीचा जाळ धरला तेव्हा माय विझवायला धावली होती. सुती कापड जळून गळून पडतं, हे वितळतं आणि कातड्याला धरून बसतं, हे तिनं तेव्हा हातानं पाहिलं. तेव्हापासून आमच्या चुलीपुढं नायलॉन चालायचं नाही. आता आमच्याकडं पट्टा काढायला जेसीबी येतो, तरी उन्हाळ्यात माळ पेटायचा तो पेटतोच, आणि पोरं मोबाईल वर करून वाऱ्याच्या तोंडाला उभी राहतात. एकेकाच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. माझं ऐकतंय कोण म्हणा.

आमच्या शेजारचं शेत काकाचं, अप्पांच्या धाकट्या भावाचं. वाटण्या झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं बांधावरून व्हायचं आणि तेही जनावरांबद्दल. काका आळशी नव्हता, हावरा होता, इतकंच. त्यानं पट्टा काढला तो अप्पांपेक्षा चांगला काढला. सपाट, स्वच्छ, एक काडी नाही. आणि मग त्या स्वच्छ जमिनीकडं बघून त्याचा जीव राहिना. खळ्यासाठी वेगळी जागा कशाला अडकवायची, म्हणून त्यानं खरीप ज्वारीचा सगळा कडबा आणून पट्ट्यावरच गंज रचली, बाजूला उडदाच्या भुसकटाचा ढीग घातला. त्याच्यासारखी चूक आमच्याकडं अजून करतात. आग येऊ नये म्हणून जागा उघडी करायची, आणि उघडी दिसली की तिच्यावर जळण रचायचं. माय बांधावर जाऊन उभी राहिली. "भावजी, ती गंज हलवा. ती गंज न्हाई, आगीला घातलेला पूल हाय." काका म्हणाला, "येळवशीचा सण होऊ दे वैनी, मग हलवतो. तुमच्या तोंडातनं कधी बरं निघायचंच न्हाई का?" मायनं ढेकूळ उचलून गंजीवर मारलं. ते काकाच्या टोपीला लागलं. त्यावरून भाऊ भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले आणि अप्पांची बंडी फाटली. गंज तिथंच राहिली.

शांताक्का पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. तिचा नवरा, आमचे दाजी, माणिकराव, औरादला कापडाचं दुकान चालवायचे. फार गोड माणूस. येताना बसमधून उतरले की वाटेतल्या सगळ्या पोरांना गोळ्या वाटत यायचे, म्हणून ते घरी पोचायच्या आत गाव आम्हाला येऊन सांगायचं. तेलगू गिऱ्हाइकांची नक्कल अशी करायचे की अप्पा खांबाला टेकून डोळे पुसायचे. अक्का त्यांच्याकडं बघायची तेव्हा तिला इतर काही दिसायचं नाही आणि मला त्याचा राग यायचा. ते आले की माय वेगळीच बाई व्हायची. डोक्यावर पदर, आवाज खाली, बोलायचं ते दाराआडून. "पाव्हण्यांना इचार, आनखी भज्जी वाढू का." पाव्हणे पुढ्यातच बसलेले असायचे. येळवशीला ते आले तेव्हा दुकानातलंच पोपटी नायलॉनचं लुगडं अक्काला घेऊन आले, आणि स्वतःच्या अंगात टेरिकॉटचा, म्हणजे नायलॉनच्याच जातीच्या कापडाचा, नवा सदरा आणि पॅंट. अक्कानं ते लुगडं नेसूनच शेतात जायचा हट्ट धरला. मायनं तोंड उघडलं, मग दाजी ओसरीवर आहेत हे बघून मिटलं.

येळवस म्हणजे येळ अमावस्या, आमच्याकडचा सगळ्यांत मोठा सण. दिवाळीला लेकी आल्या नाहीत तरी चालतं, येळवशीला यायला पाहिजेत. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. शेतात कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग जेवण. तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तीळ लावलेल्या भाकरी, गव्हाची खीर, आणि मातीच्या बिंदग्यात अंबिल, ताकात शिजवलेली ज्वारीची, लसूण घातलेली, आंबट, थंड. ती प्यायची आणि कोपीच्या सावलीत आडवं व्हायचं. त्या दिवशी दाजी इतकं जेवले की त्यांना उठवेना. अक्का त्यांच्या उशाला बसून माशा वारत होती. काका बांधापलीकडं त्याच्या कोपीत होता. अप्पांनी मला हळूच उंडे बांधून दिले आणि म्हणाले, "काकाला देऊन ये. मी दिलं म्हून सांगू नको." मी सांगितलं. काकानं उंडे घेतले आणि तोंड फिरवलं, पण खाल्ले.

दिवस कलला की आमच्याकडं हेंडगा फिरवतात. कडब्याची आणि तुराट्यांची पेंढी बांधून पेटवायची आणि ती हातात धरून उभ्या पिकाभोवती चालायचं, पिकावरची इडापिडा जावी म्हणून. त्या वर्षी गावातल्या जाणत्यांनी बजावलं होतं की माळाच्या अंगानं हेंडगा न्यायचा नाही. अप्पांनी तीनच बाजूंनी फिरवून तो ढेकळात दाबून विझवला. मायनं वर पाय देऊन बघितला. पण कुणीतरी नेला. कुणाचा, ते कधीच कळलं नाही. त्या संध्याकाळी शिवारात जितकी शेतं तितके हेंडगे होते, आणि माळावरून वारा सुटला होता.

आधी ससे आले. दोन, मग आणखी, मग तित्तर, सगळे माळावरून आमच्या ज्वारीत, माणसांची भीती न बाळगता आमच्या पायांतून. मी हसले. मग आवाज आला, वाळलेल्या शेंगा पायाखाली तुडवाव्यात तसा, आणि तो थांबेना. माय उठून पट्ट्यावर गेली आणि माळाकडं तोंड करून उभी राहिली. माळाच्या माथ्यावर धूर नव्हता, जाळच होता, लांबच लांब, आणि तो दोन्ही टोकांनी पुढं येत होता. काकाच्या बाजूचं टोक आमच्या कितीतरी पुढं होतं, तिथं गवत दाट होतं. आमच्या समोर मुरूम उघडा पडलेला, गवत विरळ, तिथं आग सावकाश येत होती. माय परत फिरली तेव्हा तिचं तोंड बघून अक्का आपोआप उठली.

अप्पा आणि काका दोघंही गंजीकडं धावले. ओली पोती घेऊन त्यांनी बडवायला सुरुवात केली, पण कडबा एका बाजूनं विझवावा तर दुसऱ्या बाजूनं धरायचा. मग अख्खी गंजच पेटली. इतका आवाज मी त्यानंतर कधी ऐकला नाही. वाऱ्यानं जळत्या पेंढ्या उचलल्या आणि आमच्या शेतात फेकल्या. एक कोपीवर पडली, एक तुरीत. ज्वारी हिरवी होती पण खालची पानं त्या वर्षी पिवळी, आणि तूर तर वाळायलाच आली होती. तुरीनं धरलं, तुरीवरून बांधाच्या गवतानं, आणि बांध सरळ खाली ओढ्याकडं जात होता. तिकडं अप्पांनी हातातलं पोतं टाकलं आणि काकाचा गळा धरला. मला सगळं दिसत होतं. अप्पा, ज्यांनी कधी बैलाला आसूड मारला नाही, ते भावाला जमिनीवर पाडून त्याचं डोकं ढेकळावर आपटत होते, आणि त्यांच्या मागं गंज जळत होती. माय लिंबाची फांदी घेऊन गेली आणि दोघांनाही झोडपलं, तोंडावर, पाठीवर, जिथं बसेल तिथं. "मरा, पर मागनं मरा. आधी पट्ट्यावर चला." अप्पांच्या कानातनं रक्त आलं तेव्हा त्यांनी काकाला सोडलं.

ती परत धावत आली तेव्हा आम्ही तिघं पट्ट्यावर होतो. मी, अक्का आणि दाजी. पुढं माळाचा जाळ, मागं तुरीचा. मायनं समोर बघितलं, बोट दाखवलं. मुरमावर एका ठिकाणी जाळ गुडघ्याएवढाच होता आणि त्याच्यामागं सगळं काळं झालेलं दिसत होतं. "हितनं," ती म्हणाली. मग तिची नजर अक्काच्या लुगड्यावर गेली.

"फेड ते."

अक्कानं पदर छातीशी धरला. काका बांधावर पोचला होता, त्याचा सालगडी होता, दाजी होते. "माय, माणसं हायत गं."

मायनं तिच्या तोंडात मारली. दिवस भरलेल्या लेकीला, सगळ्यांसमोर. आणि लुगड्याला हात घातला. अक्का ओरडत होती, दोन्ही हातांनी निऱ्या धरून खाली बसली, आणि मायनं तिला तशीच फिरवून कापड ओढलं. काठ फाटल्याचा आवाज आला. "लाज उद्या कर. आज जगून घे." पोपटी कापडाचा गोळा तिनं पट्ट्यावर लांब फेकला. अक्का झंपर-परकरात, पोट पुढं, दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिली. मायनं अप्पांचं घोंगडं तिच्या अंगावर टाकलं आणि मला म्हणाली, "इंदे, बिंदगं आण." विहीर लांब खालच्या अंगाला होती, पाणी संपलं होतं, अंबिल अर्धं बिंदगं उरली होती. मी ते उचललं आणि मायनं सांगितलं तसं अक्काच्या डोक्यावर ओतलं. घोंगड्यातनं अंबिल तिच्या तोंडावर, पोटावर, पायांवर ओघळली. लसणाचा वास आला. अक्का रडता रडता ती गिळत होती.

दाजी तोपर्यंत अक्काचा हात धरून उभे होते. ते म्हणाले, "मामी, हे काय करायलाव तुमी? आगीत कोण जातंय? हिला पळता येईल का? खाली ओढ्याला बैलं आन गाडी हाय. मी गाडी आणतो, हिला बसवून नेऊ."

"ओढ्याला नगा जाऊ पाव्हणं," माय म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "बांध पेटलाय, ओढ्यात शिंदी वाळून हायत. आमच्यासंगं चला. आन तेवढा सदरा, तेवढी पॅंट..." आणि ती थांबली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सारखा केला. खरंच केला, मी पाहिला. मागं तूर जळत होती आणि माझी माय जावयासमोर पदर सारखा करत होती. दाजींनी मान खाली घातली, लाजले. सासूसमोर कपडे कुठला जावई काढील? "मी आलोच गाडी घेऊन," ते म्हणाले, "तुमी हितंच थांबा, शांते, हितंच थांब," आणि वळले. मायनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. दोन बोटांनी धरली. "पाया पडते जावईबापू," ती म्हणाली. त्यांनी बाही हळूच सोडवून घेतली, आणि तिनं सोडू दिली.

मग तिनं अक्काचा हात धरला, मी दुसरा धरला आणि आम्ही जाळातनं गेलो. गुडघ्याएवढा दिसत होता, आत गेल्यावर तो कुठंवर होता मला माहीत नाही. मायनं आधी सांगितलं होतं की श्वास घेऊन मग जायचं, आत घ्यायचा नाही. माझ्या परकराचा काठ जळाला. भुवया गेल्या. अक्का मध्येच बसायला लागली तेव्हा मायनं तिला केस धरून उचललं. आणि एकदम पायाखाली गरम राख, समोर काही नाही, सगळं काळं आणि धुमसतं. आम्ही तिथं उभ्या राहिलो. पायांना फोड येत होते म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. थोड्या वेळानं अप्पा आणि काका आणि सालगडी त्याच वाटेनं आले. काकाच्या टोपीला आग होती, ती अप्पांनी हातानं विझवली.

तिथनं सगळं शिवार दिसत होतं, म्हणून तेही दिसलं. बांधाची आग आमच्या डोळ्यांदेखत ओढ्याला पोचली आणि शिंदीची झाडं एकामागं एक पेटली. बैल हंबरत होते. अक्का "अहो" एवढंच ओरडली आणि उलटी धावली. मायनं तिला पाडलं. मी तिच्या पायांवर बसले, माय खांद्यांवर, आणि अक्का आम्हाला चावत होती. मायच्या मनगटाचा तिनं लचका तोडला. मायनं तिला मारलं आणि मग तेच रक्ताचं मनगट तिच्या तोंडात पुन्हा दिलं, चाव म्हणून. अप्पा खाली गेले, काकाही त्यांच्या मागं गेला. अंधार पडायच्या सुमाराला दोघं भाऊ दाजींना घोंगड्यात घालून घेऊन आले. बैलांच्या गळ्याचे दोर दाजींनी आधी तोडले होते, म्हणून बैल वाचले. गाडीला हात लावायला ते परत वळले असतील. सदरा आणि पॅंट नव्हतीच आता, पण गेलीही नव्हती. ते शुद्धीवर होते. त्यांनी विचारलं, "शांता कुठाय?" अक्का पुढ्यातच होती.

कलबुर्गीच्या दवाखान्यात ते काही दिवस होते. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही. लोक मला म्हणतात, देवाची मर्जी. असं म्हणणाऱ्याशी मी आजही बोलणं टाकते. त्यात देवाचं काय? कडबा काकानं रचला होता. माळ कुणाच्या हेंडग्यानं पेटला ते कळेना, गंज तेवढी सगळ्यांना दिसलेली, म्हणून गाव काकाच्या घरावर आलं, त्याला ओढून चावडीपुढं नेलं आणि चपलांनी, काठ्यांनी मारलं. उन्हाळ्यात उपाशी मरणारी सगळी जनावरं त्या लोकांच्या डोळ्यापुढं होती. अप्पा मध्ये पडले. ज्यांनी त्याचं डोकं ढेकळावर आपटलं होतं तेच त्याच्यावर आडवे पडले, आणि उरलेला मार त्यांनी खाल्ला. काकाचा डावा हात पुढं कधी वर झाला नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या गोठ्यातली म्हैस गेली, आणि आमच्या एकट्यांचीच गेली असं नाही.

दाजींचे आईवडील आले, दिवस घातले, जाताना अक्काच्या सासूनं ओसरीवर उभं राहून मोठ्यानं सांगितलं की सुनेला चारचौघांत उघडी केली आणि लेकाला जळू दिला, असली माणसं आम्हाला नकोत. मायनं ऐकून घेतलं. अक्काला मुलगी झाली. धडधाकट, काळ्या जावळाची, रडायला लागली की गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारी. अक्का तिला पाजायची, पुसायची, पण मायशी बोलायची नाही. जेवायला वाढलं तर जेवायची. डिंकाचा लाडू हातात दिला तर खायची. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मायनं आम्हाला मारणं सोडलं होतं. मी मुद्दाम दूध उतू घालवून बघितलं, तिनं नुसतं फडकं उचललं.

एका सकाळी माय न्हाणीत पाय पसरून बसली होती, पायांवर पोर पालथी घातलेली, पाठीला तेल लावलेलं. मी चुलीवरनं कढत पाणी आणून विसण घालून ठेवलं. अक्का दारात येऊन उभी राहिली. तिनं बराच वेळ मायच्या हातांकडं बघितलं. मनगटावरची जखम भरत आली होती.

"माझं लुगडं फेडलीस," अक्का म्हणाली. "मला मारलीस. माझे केस धरून आगीतनं ओढत नेलीस. त्यांना कामून न्हाई मारलीस? त्यांचे कपडे कामून न्हाई फाडलीस?"

मायचा हात पोरीच्या पाठीवर थांबला. तिनं वर बघितलं नाही.

"जावई होते गं," ती म्हणाली. "जावयाच्या अंगाला हात कसा लावू?"

अक्का आत आली आणि तिनं मायच्या तोंडात मारली. आमच्या घरात मायवर कुणी हात उचललेला मी त्याआधी पाहिला नव्हता. एकदा मारली, मग दुसऱ्यांदा. मायला तोंड आडवं करता आलं असतं, हात वर करता आला असता, पण दोन्ही हातांत तेल लावलेली पोर होती आणि तिनं ती सोडली नाही. तिचं नाक फुटलं.

"आनखी मार," माय म्हणाली. "पर आधी पाणी घाल. लेकरू गारठायलंय."

अक्का तशीच उभी राहिली. मग तिनं खाली बसून तांब्या भरला, पाणी कोपरावर घेऊन बघितलं, आणि घालायला लागली.